छातीवरचा डाग टीबीचाच असेल असे नाही

वस्तीत कुणाला महिनाभर खोकला राहिला, की पुढची वाट जवळपास ठरलेली असते. आधी मेडिकलमधून खोकल्याची बाटली. मग नाक्यावरच्या डॉक्टरचे इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या. तरी खोकला गेला नाही, तर एक्स-रे. एक्स-रेत पांढरा डाग दिसला, की घरात, शेजारी आणि पुष्कळदा दवाखान्यातही एकच शब्द निघतो : टीबी.

हा अंदाज बऱ्याच वेळा खरा ठरतो. टीबी आपल्याकडे आहेच, आणि दाटीवाटीच्या वस्तीत जास्त आहे. पण काही माणसांच्या छातीवरचा तो डाग फुफ्फुसाच्या कॅन्सरचा, म्हणजे कर्करोगाचा असतो. दोन्ही आजारांची सुरुवात इतकी सारखी असते, की टीबीच्या गोळ्या चार-सहा महिने चालू राहतात आणि आत गाठ वाढत राहते. कॅन्सरच्या रुग्णालयात पोचेपर्यंत ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. आपल्या देशात या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण उशिराच्या टप्प्यावर सापडतात, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, या लेखातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एक्स-रे फक्त डाग दाखवतो. तो कशाचा आहे, हे थुंकीची तपासणी सांगते किंवा गाठीचा तुकडा सांगतो.

हा आजार कुणाला होतो?

जगात कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत फुफ्फुसाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे ८१ हजार लोकांना तो नव्याने झाला आणि सुमारे ७५ हजार लोक त्याने दगावले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, यावरूनच आजार किती उशिरा हाती लागतो ते कळते.

सर्वांत मोठे कारण धूर. विडी बारीक असते, त्यात तंबाखूही कमी असते, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. विडी विझू नये म्हणून जोरजोरात आणि वारंवार ओढावी लागते, त्यामुळे विषारी धूर छातीत खोलवर जातो. घरात एक जण ओढत असेल, तर एकाच खोलीत झोपणाऱ्या बायको-मुलांच्या छातीतही तोच धूर जातो. त्यांचाही धोका वाढतो.

पण 'मी कधी विडीला हात लावला नाही, मला कसा होईल?' असे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. आपल्या देशात या कॅन्सरच्या रुग्णांत कधीच न ओढलेल्यांची संख्या बरीच मोठी आहे, आणि स्त्रियांमध्ये तर विशेष. हवेचे प्रदूषण, डिझेलचा धूर, दगडाची बारीक धूळ आणि अॅस्बेस्टॉस या चारही गोष्टींमुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, हे जागतिक पातळीवर मान्य झाले आहे. बंद खोलीत चुलीवर जळणाऱ्या लाकडाचा धूरही संशयाच्या यादीत आहे.

आता आपल्या लोकांची कामे डोळ्यांपुढे आणा. खडी केंद्रावर काम करणारे, फरशी आणि टाइल्स कापणारे, जुनी बांधकामे पाडणारे बिगारी, जळत्या कचऱ्याच्या डेपोशेजारी राहणारी कुटुंबे, दिवसभर रहदारीत उभे राहणारे. विडी न ओढताही यांच्या छातीत बरेच काही जात असते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते. अखंड पत्रा डोक्यावर आहे म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही. तो कापताना, भोक पाडताना, फोडताना जी धूळ उडते ती घातक असते. असा पत्रा काढायचा असेल तर पाणी मारून ओला करा, नाका-तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना दूर ठेवा आणि तुकडे घरात साठवू नका.

पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्या माणसालाही हा कॅन्सर होऊ शकतो. फुफ्फुसावर जुना व्रण असलेल्यांमध्ये त्याचा धोका थोडा जास्तच असतो. म्हणून अशा माणसाला पुन्हा खोकला सुरू झाला, तर 'जुनाच टीबी उलटला' असे घरच्या घरी ठरवू नये.

शरीर कोणत्या खुणा देते?

सुरुवातीला हा आजार बहुधा काहीच त्रास देत नाही. फुफ्फुसाच्या आत दुखण्याच्या नसा नसतात, त्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत कळतही नाही. पुढे या खुणा दिसू लागतात :

• दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलेला खोकला. विडी ओढणाऱ्याला रोजचा खोकला असतोच, पण त्याचा आवाज, वेळ किंवा जोर बदलला तर तेही लक्षण आहे.
• थुंकीतून किंवा बेडक्यातून रक्त पडणे, अगदी एखादा धागा असला तरी.
• थोडे चालले तरी धाप लागणे, छातीत शिटीसारखा आवाज येणे.
• छाती, खांदा किंवा पाठीत सतत एकाच जागी दुखणे.
• आवाज बसणे आणि तीन आठवड्यांतही न सुटणे.
• काही न करता वजन घटणे, अन्नावरची वासना जाणे, अंगात बळ न राहणे.
• त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे.
• छातीत पाणी होणे, आणि काढले तरी पुन्हा भरणे.
• बोटांची टोके फुगून नखे गोलसर होणे.

यांतल्या बहुतेक खुणा टीबीतही दिसतात. संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्री दरदरून घाम ही टीबीची ओळखीची लक्षणे. पण कॅन्सरमध्येही कधी ताप येतो. त्यामुळे लक्षणांवरून दोघांत फरक करणे डॉक्टरलाही जमत नाही. तपासणी करावीच लागते.

काही खुणा दिसल्या तर उद्याची वाट पाहू नका. तोंड, मान आणि गळ्याच्या शिरा फुगणे, खोकल्यातून वाटीभर रक्त पडणे, पायांतील ताकद अचानक जाणे, पहिल्यांदाच फिट येणे : यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

तपासणीची वाट : थुंकी, सीटी, तुकडा

पहिली पायरी सरकारी दवाखान्यात, फुकट. दोन आठवडे खोकला असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. साधी लाळ देऊ नका. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून आलेला बेडका द्या. आता जीन एक्सपर्ट नावाच्या यंत्रावर टीबीचे जंतू आहेत का आणि मुख्य औषध त्यांच्यावर चालते का, हे काही तासांत कळते. कुठे जायचे हे आशाताईंना विचारा.

थुंकीत जंतू सापडले, तर टीबी पक्का. औषधाचा कोर्स पूर्ण करा. एकही दिवस चुकवू नका.

जंतू सापडले नाहीत, तरी कधी कधी एक्स-रे आणि लक्षणे पाहून डॉक्टर टीबीचे औषध सुरू करतात. काही रुग्णांत ते योग्यही असते. पण अशा वेळी एक प्रश्न त्याच दिवशी विचारून ठेवा : 'डॉक्टर, फरक पडतोय का हे कधी आणि कसे पाहायचे?' टीबीच्या औषधाने साधारण काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढू लागते. दोन महिने गोळ्या नियमित घेऊनही वजन घटतच असेल, खोकला तसाच असेल, डाग मोठा झाला असेल, तर आणखी चार महिने वाट पाहण्यात अर्थ नाही. औषधाला न जुमानणारा टीबी आहे का आणि कॅन्सर आहे का, या दोन्ही गोष्टी तेव्हा तपासाव्या लागतात. मात्र स्वतःच्या मनाने टीबीच्या गोळ्या बंद करू नका. दोन्ही आजार एकाच माणसात एकाच वेळीही असू शकतात.

दुसरी पायरी सीटी स्कॅन. एक्स-रेत हृदयामागे किंवा बरगड्यांआड लपलेली गाठ सीटीत दिसते. ती किती मोठी आहे, कुठे चिकटली आहे, हेही कळते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी. गाठ श्वासनळीजवळ असेल तर दुर्बिणीतून, छातीच्या कडेला असेल तर सीटीवर पाहत सुईने तुकडा काढतात. छातीत पाणी असेल, तर त्या पाण्यातही कॅन्सरच्या पेशी शोधता येतात. तुकड्याशिवाय कॅन्सरचे औषध सुरू होत नाही, आणि होऊही नये.

इथेच बरीच घरे अडतात. 'सुई टोचली की कॅन्सर पसरतो', 'हत्यार लागले की माणूस जातो' असे कुणीतरी सांगते आणि रुग्णाला घरी आणले जाते. तपासणीच्या सुईने आजार भडकून माणूस जातो, हा समज चुकीचा आहे. खरे असे असते, की तुकडा काढेपर्यंत आजार आधीच पुढे गेलेला असतो, आणि दोष सुईला लागतो. सुईमुळे कधी छातीत हवा शिरते किंवा थोडे रक्त पडते. त्यासाठीच हे काम रुग्णालयात करतात आणि नंतर काही तास रुग्णावर लक्ष ठेवतात.

तुकड्यातून काय कळते?

फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मुख्य दोन प्रकार. शंभरातले सुमारे १५ रुग्ण लहान पेशींच्या प्रकाराचे असतात. हा प्रकार फार वेगाने पसरतो आणि त्याचा विडी-सिगारेटशी घट्ट संबंध आहे. उरलेले सुमारे ८५ रुग्ण दुसऱ्या प्रकारात येतात. न ओढणाऱ्यांना होतो तो बहुधा यातलाच अॅडेनोकार्सिनोमा नावाचा पोटप्रकार.

या पोटप्रकारात तुकड्याची आणखी एक तपासणी करतात. कॅन्सरच्या पेशीत ईजीएफआर, एएलके यांसारखे काही ठरावीक बदल आहेत का, ते पाहतात. भारतातल्या अॅडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश जणांत ईजीएफआरचा बदल सापडतो. तो असला, तर नेमक्या त्याच बदलावर काम करणारी गोळी घरी राहून घेता येते. म्हणून 'तुकड्याची जनुकीय तपासणी केली का?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

त्यानंतर आजार कुठपर्यंत पोचला हे पाहण्यासाठी पेट स्कॅन आणि गरजेप्रमाणे मेंदूचा एमआरआय होतो. त्यावरून पहिला ते चौथा असा टप्पा ठरतो.

उपचार कोणते?

पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात, आणि तिसऱ्या टप्प्यातल्या काही रुग्णांत, ऑपरेशन करतात. उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन भाग असतात. त्यांतला गाठ असलेला भाग काढून टाकतात. उरलेल्या फुफ्फुसावर माणूस चांगला जगू शकतो का, हे आधी श्वासाची तपासणी करून पाहतात. ऑपरेशन झेपणार नसेल, तर लहान गाठीवर नेमका शेक देता येतो. या टप्प्यावर सापडलेला माणूस पूर्ण बरा होण्याची आशा असते.

तिसऱ्या टप्प्यात बहुधा केमो आणि शेक एकत्र देतात. शेक आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालतो. एका वेळचे काम काही मिनिटांचे असते. लहान पेशींच्या प्रकारात ऑपरेशन क्वचितच करतात. तिथे केमो आणि शेक हाच मुख्य आधार.

चौथ्या टप्प्यात आजार शरीरात पसरलेला असतो. तिथे पूर्ण बरे होणे फार अवघड असते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण 'आता काही उपयोग नाही' हेही खरे नाही. केमो, बदल सापडल्यास नेमक्या गोळ्या, काहींना प्रतिकारशक्ती जागी करणारी इंजेक्शने, यांनी अनेकांचे आयुष्य वाढते आणि त्रास कमी होतो. गेफिटिनिब ही ईजीएफआरवरची गोळी आता भारतीय कंपन्याही बनवतात, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा बरीच स्वस्त झाली आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी याच गोळीला केमोची जोड दिली, तर रुग्ण नुसत्या गोळीपेक्षा जास्त काळ जगतात, असे दाखवून दिले. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

केमो साधारण दर तीन आठवड्यांनी, चार ते सहा वेळा देतात. मळमळ, थकवा, केस गळणे असे त्रास होतात, पण त्यांवर औषधे आहेत आणि केस परत येतात. एक नियम मात्र घरातल्या प्रत्येकाने पाठ करावा : केमो चालू असताना ताप १००.४ किंवा त्याहून वर गेला, तर घरी गोळी देऊन झोपवू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

वेदना कमी करणारी सेवा म्हणजे अखेरच्या दिवसांची सोय, असा समज आहे. अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये दाखवले, की फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांना ही सेवा पहिल्यापासून दिली, तर त्यांचे दिवस सुखाचे जातात आणि ते दोन महिन्यांहून अधिक काळ जास्त जगतात. दुखणे सोसत बसू नका. मॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली, तर तिची भीती बाळगू नये.

पैसा कुठून आणायचा?

दागिने मोडण्याआधी आणि व्याजाने पैसे काढण्याआधी ही दारे ठोठवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : आता राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत मोफत मिळतात. त्यात कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि शेक आहेत. रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो, तिथे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी जा. प्रत्येक औषध आणि प्रत्येक तपासणी योजनेत बसतेच असे नाही, म्हणून 'यात काय बसते, काय नाही' हे सुरुवातीलाच विचारा. योजनेचा फोन १५५३८८.

टाटा मेमोरियल : १९४१ पासून चालू असलेले हे रुग्णालय आज केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली आहे. नाव नोंदवताना सर्वसाधारण वर्ग निवडा, खर्च बराच कमी येतो. डॉक्टर तेच असतात. पैशाची अडचण असेल तर तिथल्या समाजसेवा विभागाला न लाजता सांगा. बाहेरगावाहून येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे. विदर्भातल्या लोकांना नागपुरातच कॅन्सरची रुग्णालये आहेत, प्रत्येकाला मुंबई गाठायची गरज नाही.

धर्मादाय रुग्णालये : ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा.

याशिवाय उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालय भरून देते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही कॅन्सरचे रुग्ण येतात. तिला उत्पन्नाची अट आहे, चौकशी तहसील कार्यालयात करा. घरातला कुणी ईएसआय कापला जाणाऱ्या नोकरीत असेल, तर तेही कार्ड काढून ठेवा.

घरात काय करावे, काय करू नये

कॅन्सर एकमेकांना लागत नाही. ताट-वाटी वेगळी करू नका, नातवंडांना दूर ठेवू नका. तो करणीने होत नाही, आणि अंगाऱ्या-धुपाऱ्याने किंवा कुणा वैदूच्या हमखास पुडीने जातही नाही. पुडीत गेलेले दोन महिने परत मिळत नाहीत.

आजार रुग्णापासून लपवण्याची रीत घरोघरी आहे. पण माणसाला आतून कळतेच, आणि मग तो एकटा पडतो. त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यालाच विचारा.

बाईचा खोकला सर्वांत शेवटी दवाखान्यात पोचतो. कामाची खाडी नको, मुलांची शाळा बुडायला नको, म्हणून ती थांबते. विडी ओढत नाही म्हणून तिच्याबद्दल कुणाला शंकाही येत नाही. घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी हे आपल्या अंगावर घ्यावे.

आणि विडी आजच सोडावी. दहा वर्षे न ओढता काढली, तर या कॅन्सरने मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर येतो. आजार झाल्यावर सोडली तरी उपचार जास्त चांगले लागू पडतात. मदतीसाठी तंबाखू सोडण्याचा सरकारी फोन १८००-११-२३५६ मोफत आहे.

हे प्रश्न कापून रेशनकार्डात ठेवा

१. माझ्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले का? रिपोर्ट कुठे आहे?
२. औषधाने फरक पडतोय का, हे कोणत्या तारखेला पाहायचे?
३. फरक नसेल तर सीटी स्कॅन कधी करायचा?
४. तुकडा काढून तपासला का? कोणता प्रकार, कोणता टप्पा?
५. तुकड्याची जनुकीय तपासणी केली का?
६. हा उपचार योजनेत बसतो का?

हे प्रश्न विचारताना आवाज खाली करायचे कारण नाही. एक्स-रेची फिल्म, रिपोर्ट आणि जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवा. स्वतःला वाचता येत नसेल, तर शिकलेल्या मुलीला किंवा शेजाऱ्याच्या पोराला सोबत न्या. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांत दोन महिन्यांपासून खोकणारे कुणीतरी असेल, त्याला दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्रात घेऊन जा.